कशावरून काटकोन?

धैर्यवान बाईंसमोर ‘सरळ’ हा शब्द जपून वापरावा लागे. फळा सरळ लावलाय, बाक सरळ ओढलाय, तसबीर सरळ टांगलीय, असं काहीही म्हटलं की बाई चष्म्याच्या वरून बघत आणि विचारत, “कशावरून?” त्यात राग नसे, टोमणा नसे. त्यांना खरंच उत्तर हवं असे. आणि ‘दिसतंय की’ हे एक सोडून बाकी कुठलंही उत्तर त्या ऐकून घेत.

मी त्या शाळेत चित्रकला शिकवायला लागले, म्हणजे पोट डोळ्यांवरच भरणारी. त्यामुळे पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. शिक्षिकांच्या खोलीत मी भिंतीवर तक्ता लावत होते. दोन पावलं मागे सरकून, मान तिरकी करून बघितलं आणि स्वतःशीच म्हणाले, “बसला सरळ.” मागून आवाज आला, “कशावरून?” वळून बघते तर एक ठेंगणी, गोरीपान, पांढऱ्या पातळाला खांद्यावर ब्रोच लावलेली बाई, एका हातात पुरुषी काळी छत्री आणि दुसऱ्या हातात डबा घेऊन उभी. मी म्हटलं, “मी ड्रॉइंग टीचर आहे बाई, माझा डोळा तयार आहे.” त्या म्हणाल्या, “डोळा तयार आहे म्हणूनच तो फसवतो. कच्चा डोळा बिचारा घाबरून तरी असतो.” मग पर्समधून दोरी काढून त्यांनी माझा तक्ता मोजला. तो तिरका निघाला. त्याहून वाईट म्हणजे, सरळ केल्यावर तो मला तिरका दिसायला लागला आणि पुढची कितीतरी वर्षं तसाच दिसत राहिला.

ती दोरी गिरगावात सगळ्यांना माहीत होती. साधी सुताची, सारख्या अंतरावर गाठी मारलेली. गाठींमधली अंतरं बारा. ती ताणून तीन, चार आणि पाच अशा बाजूंचा त्रिकोण केला की तीन आणि चारच्या मधला कोन काटकोन झालाच, त्यात कुणाची मेहरबानी नाही. बाई ती दोरी कशालाही लावत. वाडीतल्या पोरांनी वर्गणी काढून नवा कॅरम बोर्ड आणला, तेव्हा पूजा व्हायच्या आत बाईंनी त्याचा एक कोपरा मोजून सांगितलं की हा बोर्ड चौरस नाही. तेव्हापासून त्या वाडीत कॅरममध्ये हरलेला प्रत्येक जण “धैर्यवान बाईंना विचारा” म्हणून उठून जाई. जिंकलेल्यांनी बाईंना दारात येऊ द्यायचं बंद केलं.

घराणं प्रभूंचं, मुंबईतलं जुनं. आजूबाजूच्या दोन गल्ल्या एके काळी त्यांच्या होत्या असं लोक सांगत. आता बाईंकडे दोन खोल्या होत्या, आणि त्यातली एक आजोबांच्या शिसवी पलंगानेच भरली होती. “जमीन गेली, पलंग राहिला,” त्या म्हणत, “आता पलंगावरूनच चालायचं.” लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल नव्या शिक्षिकेने चाचरत विचारलं तर त्या गंभीर चेहऱ्याने सांगत, “एक स्थळ आलं होतं. मुलगा सरळ आहे म्हणाले.” यापुढे काही सांगत नसत, डब्यातलं भानोलं, म्हणजे प्रभूंच्या घरी भाजतात तो जाड, तिखटमिठाचा केक, कापायला घेत. भानोल्याचा चौकोनी तुकडा कर्णावर कापून प्रत्येकीला एक काटकोन त्रिकोण मिळे. कोळंबीचं असलं की कर्ण आपल्या बाजूला जरा झुकता असावा असं आम्हाला वाटे, पण बाईंच्या सुरीत पक्षपात नव्हता.

शिकवताना मात्र त्या शुद्ध लबाड होत्या. फळ्यावर त्रिकोण काढत तो असा की शेंबडं पोरही म्हणेल, हा काटकोन. बाजूंवर लिहीत सहा, सात आणि नऊ. मुली भराभर ‘काटकोन त्रिकोण’ लिहून मोकळ्या होत. मग बाई मोजायला लावत: छत्तीस आणि एकोणपन्नास, पंच्याऐंशी. नवाचा वर्ग एक्क्याऐंशी. जमत नाही. लगेच शेजारी दुसरा त्रिकोण काढत, वाकडातिकडा, कुठल्याच अंगाने काटकोन न वाटणारा, आणि बाजू लिहीत वीस, एकवीस, एकोणतीस. मुली हसत. हिशेब केला की चारशे आणि चारशे एकेचाळीस मिळून बरोबर आठशे एकेचाळीस, म्हणजे एकोणतिसाचा वर्ग. हसणं थांबे. “आकृती माझी आहे, मी ती वाईट काढीन नाहीतर चांगली काढीन,” बाई म्हणत. “तुम्ही मापं बघा.”

मापंसुद्धा त्या कधी क्रमाने देत नसत. तेरा, पाच, बारा अशी देत. एखादी मुलगी पहिल्या दोघांचे वर्ग करून बेरीज करी आणि ‘नाही’ म्हणे. बाई तिला उभं करत. “घरातल्या थोरल्याला धाकट्यांच्या पंगतीला बसवलंस. आधी थोरली बाजू कोण ते शोध. तिला एकटी बसव. मग धाकट्या दोघी मिळून तिच्याएवढ्या भरतात का बघ. बरोबर भरल्या तर काटकोन. थोरली वरचढ झाली तर तिच्यासमोरचा कोन पसरला, विशालकोन. कमी पडली तर आखडला, लघुकोन.” हा नियम त्या माणसांनाही लावत. खोलीत तिघींचं भांडण लागलं की पहिला प्रश्न, “यात थोरली कोण?” तिघीही गप्प होत, आणि भांडण तिथेच मिटे.

एकदा चाचणीत त्यांनी तीन, चार आणि आठ अशा बाजू दिल्या. सगळ्यांनी निमूट वर्ग केले आणि ‘विशालकोन’ लिहून दिलं. फक्त हिरा कांबळे नावाच्या मुलीने लिहिलं, ‘हा त्रिकोणच होत नाही, दोन बाजू एकमेकींपर्यंत पोचत नाहीत.’ हिरा भायखळ्याच्या चाळीतून चालत यायची, अबोल होती. बाईंनी तिला पूर्ण मार्क दिले आणि बाकी सगळ्यांच्या पेपरवर एकच ओळ लिहिली, ‘आधी घर उभं राहतंय का बघावं, मग खिडक्या मोजाव्यात.’ हिराला इंजिनियर व्हायचं होतं. हे तिने बाईंशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं, आणि बाईंनी माझ्याशिवाय.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. सकाळी प्रभातफेरी, संध्याकाळी सभा, आणि मधल्या वेळात शाळा जमेल तशी. लालबागहून येताना मला रोज नव्या घोषणा ऐकू येत. वर्गावर्गांत मुली फळ्यावर नकाशे काढून ठेवत. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेस, ते पुसत फिरत, कारण वरून तंबी होती की शाळेत राजकारण नको. धैर्यवान बाईंनी मात्र भूमितीच्या तासाला सरळ भिंतीवरचा नकाशा खाली उतरवला आणि मुलींना दोरा दिला. मुंबई, नागपूर, बेळगाव. तिन्ही अंतरं मोजा, आणि मुंबईचा कोन काटकोन आहे का सांगा.

मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. “हे काय चाललंय?”

“पायथागोरसचा व्यत्यास,” बाई म्हणाल्या. “सिलॅबसमध्ये आहे.”

मुलींनी वर्ग केले, बेरजा केल्या. नागपूर ते बेळगाव ही थोरली बाजू. पण तिचा वर्ग बाकीच्या दोघींच्या बेरजेला थोडा कमी पडत होता. हिराने उठून सांगितलं, “लघुकोन आहे बाई. काटकोनाला थोडक्यात कमी पडतंय.”

“बरोबर,” बाई म्हणाल्या. “म्हणजे अजून थोडं ताणायला हवं.” आणि त्यांनी शांतपणे नकाशा गुंडाळला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या जिन्यावर खडूने लिहिलेलं होतं, ‘अजून ताणा’. मोठ्या बाईंनी ते पुसून घेतलं, पण कुणी लिहिलं याची चौकशी केली नाही, कारण चौकशीत बाई ‘कशावरून?’ विचारणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

भाऊसाहेबांना मात्र हे आवडलं नाही. भाऊसाहेब शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. उंच, ताठ, पांढरंशुभ्र धोतर, चांदीच्या मुठीची काठी. वाईट माणूस नव्हे. मुलींनी शिकावं असं त्यांना मनापासून वाटे, फक्त काय शिकावं हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. तेव्हा मुलींना बीजगणित-भूमिती सोडून नुसतं अंकगणित घेता येई, आणि बहुतेक घेतही. बाईंच्या तासाला जेमतेम एक बाक भरून मुली उरल्या होत्या. त्याच सुमारास भाऊसाहेबांनी आईच्या स्मरणार्थ शाळेला एक नवी खोली बांधून दिली आणि सांगितलं की तिथे शिवणवर्ग भरेल, आणि त्यासाठी भूमितीचा तास बंद होईल.

“मुलींना भूमिती हवी कशाला?” ते म्हणाले. “शेवटी भाकरी गोलच करायची ना?”

“गोल झाली कशावरून?” बाई म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी खाली बघितलं.

थट्टा झाली, पण प्रश्न खरा होता. तास बंद झाला असता तर हिरासकट त्या बाकावरच्या सगळ्या मुलींना अंकगणितात ढकललं असतं आणि पुढचे रस्ते तिथेच संपले असते. त्या आठवड्यात बाईंनी डब्यातलं भानोलं कापलं नाही. तसंच चमच्याने खाल्लं. मला ते बघून फार वाईट वाटलं.

नव्या खोलीत भाऊसाहेबांनी एक मोठं सागवानी कपाटही दिलं होतं. ते कोपऱ्यात बसवलं आणि तिथेच घोटाळा झाला. कपाटाची कूस भिंतीला टेकवली की पाठ सुटायची, पाठ टेकवली की कूस सुटायची. कसंही ठेवलं तरी एका बाजूला दोन बोटांची फट. भाऊसाहेब सुतारावर भडकले. कपाट वाकडं केलं म्हणाले, परत घेऊन जा म्हणाले. सुतार बिचारा हात जोडून उभा.

त्या दिवशी सकाळपासून शहरात हरताळ होता. बस तुरळक, मुली निम्म्या. तरी भाऊसाहेब गल्लीपलीकडेच राहत असल्यामुळे कपाट परत पाठवायला स्वतः आले. आम्ही सगळ्या खोलीत गोळा झालो. आणि धैर्यवान बाई दारातूनच म्हणाल्या, “कपाट सरळ आहे भाऊसाहेब. भिंत वाकडी आहे.”

भाऊसाहेबांनी मान वळवली. “कशावरून?”

बाईंचाच प्रश्न बाईंनाच ऐकवलेला मी पहिल्यांदा बघितला. बाईंनी एकदा फटीकडे बघितलं. मग म्हणाल्या, “मोजू या. कोपरा काटकोनात निघाला तर भूमितीचा तास आजपासून बंद. मी शिवणवर्गात काजं करायला बसते. नाही निघाला, तर तास राहील. मी असेपर्यंत आणि मी गेल्यावरही.”

मी हिराकडे बघितलं. मग लक्षात आलं की बाई न मोजता बोलणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी आधीच कधीतरी गुपचूप मोजलं असणार. सगळ्यांना तेच वाटलं असावं, कारण मोठ्या बाईंनीही हळूच श्वास सोडला.

“मंजूर,” भाऊसाहेब म्हणाले. बाईंनी पर्समधून दोरी काढताच त्यांनी हात आडवा केला. “छे छे. गाठी तुम्ही मारलेल्या. टेप आणा.”

टेप त्याच कपाटात होता. कपाटाला कुलूप होतं, आणि किल्ली खिशात घेऊन तुकाराम शिपाई मोर्चाला गेला होता.

“मग तुमचीच काठी द्या,” बाई म्हणाल्या.

“काठी काय मोजणार? तिचं टोक झिजलंय. धड तीन फूटसुद्धा नसेल.”

“नसू दे. तिन्ही बाजूंना तीच झिजलेली काठी लागणार ना? सगळ्या बाजू सारख्याच आखूड झाल्या तर कोन हलत नाही.” मग मुलींकडे वळून, “लिहून घ्या गं, हे पेपरात येईल.”

आम्ही सगळ्यांनी मिळून कपाट ढकललं. हिराने कोपऱ्यापासून एका भिंतीलगत काठी टाकायला सुरुवात केली. तीन काठ्या झाल्यावर जमिनीवर खडूची खूण. दुसऱ्या भिंतीलगत चार काठ्या, दुसरी खूण. आता खुणेपासून खुणेपर्यंत बरोबर पाच भरल्या तर काटकोन. काठी भलतीकडे जाऊ नये म्हणून बाईंची दोरी मध्ये ताणून धरायला भाऊसाहेबांनी परवानगी दिली, फक्त गाठी मोजायच्या नाहीत या अटीवर. स्वतः धोतर सावरून ते जमिनीवर उकिडवे बसले आणि प्रत्येक काठी टेकताना बघू लागले. बाहेर रस्त्यावर घोषणा चालू होत्या. आत हिरा हळू आवाजात मोजत होती. बाई खिडकीशी उभ्या होत्या, छत्रीची मूठ दोन्ही हातांनी धरून. त्यांनी एकदाही जमिनीकडे बघितलं नाही. मला ते तेव्हा ऐटीचं वाटलं.

पाचवी काठी टेकली. खूण अजून पुढे होती. चांगली चार बोटं पुढे.

“थोरली वरचढ झाली,” हिरा म्हणाली. “विशालकोन आहे बाई.”

भाऊसाहेबांनी तिथे स्वतःची चार बोटं टेकवून बघितली. मग काठीवर भार देऊन उठले. “मीच सांगितलं होतं मिस्त्रीला,” ते म्हणाले, “ती भिंत जराशी फिरव म्हणून. बाहेरून आईच्या नावाची पाटी आहे तिच्यावर. गल्लीतून येताना समोर दिसायला हवी होती. मला वाटलं, जराशाने काय होतंय.”

बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, “पाटी छान दिसते भाऊसाहेब. मी रोज बघते.” त्या ते अगदी मनापासून म्हणाल्या, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

“तास चालू ठेवा,” भाऊसाहेब म्हणाले. दारापर्यंत जाऊन वळले. “पण या फटीचं काय?”

“राहू दे. एवढा मोठा विशालकोन मुलींना दाखवायला दुसरीकडे कुठे मिळणार?”

तास राहिला. शिवणवर्ग वरच्या मजल्यावर गेला. हिरा इंजिनियर झाली, तिच्या पेढ्यांचा पुडा बाईंनी खोलीभर फिरवून सगळ्यांना वाटला. मधल्या काळात राज्यही झालं, मुंबई आली, बेळगाव राहिलं. बाई म्हणाल्या, “तरी म्हटलं होतं, ताणायला कमी पडतंय.” पुढे त्या निवृत्त झाल्या आणि शिसवी पलंगावर वाचत बसू लागल्या, आणि मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर नुसत्याच बसू लागल्या.

मी शेवटची भेटायला गेले तेव्हा त्यांना माणूस आवाजावरून ओळखू येत होता. “कुंदे, ये गं. अजून डोळ्यांवरच पोट भरतेस का?” चहा ठेवायला मी भिंतीकडची तिपाई पलंगाजवळ ओढली. बोलता बोलता कपाटाचा विषय निघाला. मी म्हटलं, “बाई, त्या दिवशी आमचा जीव टांगणीला लागला होता. तुम्हाला काय, तुम्ही आधीच मोजून ठेवलेलं.”

बाई चहा पीत राहिल्या. मग बशी खाली ठेवून म्हणाल्या, “कशावरून?”

“म्हणजे?”

“कपाट कोपऱ्यात होतं. ते हलवल्याशिवाय कोपरा मोजणार कसा? आणि ते काय मला एकटीला हलणार होतं? मी दारातून फट बघितली. आता नुसत्या फटीवरून कपाट वाकडं की भिंत वाकडी, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पण मला बघताक्षणी वाटलं, भिंत.” त्यांनी बशी चाचपून बाजूला सारली. “डोळ्यांवर गेले गं मी. आयुष्यात एकदाच गेले, आणि तेही असल्या वेळी.”

मी कप खाली ठेवला. “आणि काटकोन निघाला असता तर?”

“तर काय. शब्द म्हणजे शब्द. शाळेतला तास बंद, आणि संध्याकाळी हिराला न् बाकीच्यांना या पलंगावर बसवून शिकवलं असतं. पलंग मोठा आहे.” मग एकदम खालच्या आवाजात, “मुलींना सांगू नकोस. सगळं शिकवलेलं वाया जाईल.”

मी हसले, त्याही हसल्या, पण माझे डोळे भरून आले होते आणि त्यांना ते दिसत नाही याचं मला बरं वाटलं. निघताना मी तिपाई उचलून पुन्हा भिंतीशी नेऊन ठेवली. “होती तशी ठेवलीय हं बाई, सरळ.” मी वाट बघितली, पण त्यांनी काही विचारलं नाही. नुसती मान हलवली. मला वाटलं, बाई आता थकल्या.

दाराबाहेर येऊन मी चपला घालत होते. आतून पलंग करकरला म्हणून वाकून बघितलं. बाई भिंतीला धरत धरत तिपाईपर्यंत आल्या होत्या. त्यांनी एका कडेवरून वीत टाकली, मग भिंतीवरून टाकली, मग दोन्हींच्या मधून तिरकी टाकली, ओठांत काहीतरी मोजलं, आणि पायाने तिपाई जराशी सरकवली.